कोमितास वार्दापेत यांचे संगीत ऐकण्याआधी आणि ऐकताना

कोमितास हे नाव बहुतेकांच्या वाचनात येते ते २४ एप्रिल १९१५ या तारखेच्या संदर्भात, जिच्यापासून आर्मेनियन नरसंहाराची सुरुवात मानली जाते. ऑटोमन साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलमध्ये, त्या रात्री ज्या आर्मेनियन लेखक, संपादक, डॉक्टर आणि धर्मगुरूंना अटक झाली त्यांत हे संगीतकारही होते. काही आठवड्यांत ते सुटून परतले, पुढे त्यांचे मन ढासळले आणि आयुष्याची अखेरची जवळजवळ वीस वर्षे त्यांनी मनोरुग्णालयांत काढली. हे सगळे खरे आहे. परंतु ही हकीकत आधी वाचून मग संगीत ऐकायला बसले की प्रत्येक चाल विलापासारखी वाटू लागते आणि ऐकणाऱ्याची दिशा तिथेच चुकते. कोमितास यांचे जवळजवळ सर्व काम त्या एप्रिलच्या आधीचे आहे. त्यात नांगरणीची गाणी आहेत, लग्नाची आहेत, नाच आहेत, प्रेमातली थट्टा आहे, अंगाई आहे आणि चर्चमधील उपासना आहे. पुढे जे नष्ट झाले त्यावरचा हा शोक नव्हे. ते जिवंत होते, शेतात राबत होते आणि सणाला नाचत होते, त्या वेळी घेतलेली ही नोंद आहे. म्हणून या मार्गदर्शनाचा क्रम मुद्दाम असा लावला आहे की १९१५ हे वर्ष अगदी शेवटाकडे यावे.

शोधाशोध सुरू करण्यापूर्वी एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवावी. आर्मेनियन भाषेची पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील अशी दोन प्रमाण रूपे आहेत आणि त्यांत काही व्यंजनांचे उच्चार उलटसुलट होतात. त्यामुळे एकच संगीतकार कुठे कोमितास, तर कुठे गोमिदास या नावाने सापडतो. त्यांनी संगीतबद्ध केलेली चर्चची उपासना कुठे ‘पाताराग’, तर कुठे ‘बादाराक’ म्हणून नोंदलेली असते. दोन्ही नावांनी शोध घेतला नाही, तर येरेवानमधील गायक मिळतात आणि बैरूत, पॅरिस किंवा अमेरिकेत स्थायिक झालेल्या आर्मेनियनांची ध्वनिमुद्रणे हातची जातात. ‘वार्दापेत’ हे आडनाव नाही. आर्मेनियन चर्चमधील अविवाहित, विद्वान धर्मगुरूची ती पदवी आहे.

दुसरी तयारी नकाशाची. आधुनिक आर्मेनियाचा नकाशा पुरेसा नाही. पूर्व अनातोलियातील वान, मुश, एर्झुरुम (ज्याला आर्मेनियन लोक कारिन म्हणतात) आणि अकन हे भाग दाखवणारा, पहिल्या महायुद्धापूर्वीचा नकाशा जवळ असावा. प्रत्येक गाणे ऐकताना ते कोणत्या प्रांतातले आहे हे त्यावर पाहिले, तर काय उरले आणि काय गेले याचा हिशेब पुढे आपोआप उलगडतो.

आयुष्याची पहिली पंचेचाळीस वर्षे

जन्म १८६९ मधला, पश्चिम अनातोलियातील कुताह्या या गावचा. मूळ नाव सोघोमोन सोघोमोन्यान. वडील चांभारकाम करत, आई गालिचे विणत असे आणि दोघेही गाणारे होते. मूल वर्षाचेही झाले नव्हते तेव्हा आई गेली. अकरा वर्षांचे असताना वडीलही गेले. कुताह्यातील आर्मेनियन घरांमध्ये तेव्हा तुर्की बोलली जात असे, त्यामुळे १८८१ मध्ये आर्मेनियन चर्चचे मुख्य पीठ असलेल्या एच्मियाझिन येथील गेव्होर्क्यान विद्यालयात या अनाथ मुलाला आणले गेले, तेव्हा त्याला आर्मेनियन बोलता येत नव्हते. त्याला ठेवून घेतले गेले ते त्याच्या आवाजासाठी. आपल्या लोकांची भाषा ज्याला परक्यासारखी शिकावी लागली, त्याच माणसाने पुढे त्या लोकांची गाणी खेडोपाडी जाऊन टिपली. त्याचबरोबर आईवडिलांनी तुर्कीत रचलेली गाणीही त्यांनी कुताह्याला परत जाऊन लिहून घेतली आणि १९०३ मध्ये कुर्दी चालींचा एक संग्रह प्रसिद्ध केला. राष्ट्रीय संगीतकार म्हणून त्यांचा गौरव करताना हा भाग अनेकदा वगळला जातो. तो वगळू नये, कारण शेजारच्या लोकांचे संगीत नीट ओळखल्याशिवाय आपले कुठे वेगळे होते हे सांगता येत नाही, आणि कोमितास यांचा बराचसा सैद्धांतिक अभ्यास याच प्रश्नाभोवती फिरतो.

धर्मगुरूची दीक्षा घेताना सातव्या शतकातील एका कॅथोलिकोसाचे, म्हणजे चर्चप्रमुखाचे नाव त्यांनी स्वीकारले. ते कॅथोलिकोस स्वतः स्तोत्रे रचणारे होते. १८९५ मध्ये त्यांना वार्दापेत ही पदवी मिळाली. नंतर तिबिलिसीत माकार येकमाल्यान यांच्याकडे स्वरसंहतीचे, म्हणजे हार्मनीचे शिक्षण झाले आणि १८९६ ते १८९९ अशी तीन वर्षे बर्लिनमध्ये गेली. तेथे रिखार्ट श्मिट यांच्या खाजगी संगीतशाळेत ते शिकत आणि विद्यापीठात संगीतशास्त्राची व्याख्याने ऐकत. या शिक्षणाचा खर्च अलेक्सांद्र मांताशेव्ह या बाकूच्या तेलव्यवसायात श्रीमंत झालेल्या आर्मेनियन उद्योगपतीने उचलला होता. परतल्यानंतरची दहा वर्षे एच्मियाझिनमध्ये शिकवण्यात, गायकवृंद घडवण्यात आणि सुट्टी मिळेल तेव्हा अरारातच्या मैदानातील, शिराकमधील, लोरीमधील खेड्यांत हिंडण्यात गेली. त्यांनी तीन हजारांहून अधिक चाली टिपल्या असे सामान्यतः सांगितले जाते. त्यांपैकी आज सुमारे बाराशे उपलब्ध आहेत.

त्या टिपल्या कशा, हेही जाणून घेण्यासारखे आहे. शेतात उभे राहून पाच रेघांच्या युरोपीय लिपीत लिहिणे वेळखाऊ असते. कोमितास वापरत असत ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हांबार्त्सुम लिमोंज्यान यांनी कॉन्स्टँटिनोपलमध्ये तयार केलेली लिपी. तिच्यात सात स्वरांना सात चिन्हे असून ती अक्षरांसारखी एका ओळीत भराभर लिहिता येतात. याशिवाय मध्ययुगीन हस्तलिखितांतील ‘खाझ’ नावाच्या स्वरचिन्हांचा, ज्यांचा अर्थ शतकानुशतके हरवलेला होता, त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. जून १९१४ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय संगीत परिषदेत ते या विषयावर बोलले होते. ती चिन्हे पूर्णपणे उलगडण्याचे काम मात्र कोणाच्याही हातून अजून झालेले नाही.

सुरुवात कुठून करावी

सुरुवात ‘होरोवेल’ने करावी. होरोवेल म्हणजे नांगरणीचे गाणे आणि कोमितास यांनी टिपलेले सर्वांत प्रसिद्ध होरोवेल लोरी प्रांतातील वार्दाब्लुर या खेड्यातले आहे. लोरीचा ‘गुतान’ हा जड नांगर असे. त्याला बैलांच्या किंवा रेड्यांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत आणि तो एका घरच्या माणसांना ओढवत नसे, त्यामुळे शेजारी एकत्र येऊन नांगरत. मुख्य नांगऱ्या आणि जोखडावर बसलेली पोरे यांच्यात हे गाणे वाटलेले असे. ऐकताना सुरेल ओळीच्या मधूनमधून जनावरांना दिलेल्या हाका, हेलकावे, लांबवलेले ‘हो’ आणि एकदम तुटणारे श्वास येतात. अननुभवी कानाला ती सजावट वाटते. वस्तुतः नांगर ज्या क्षणी अडतो, वळतो किंवा सरळ चालतो त्या क्षणांशी चालीचे तुकडे जुळलेले आहेत, आणि कोमितास यांनी या एकाच गाण्यावर लिहिलेल्या विस्तृत निबंधात कामाचे टप्पे आणि चालीचे टप्पे समोरासमोर ठेवून दाखवले आहेत. त्यांचे निरीक्षण असे होते की खेडूताला गाणे कामापासून वेगळे ठाऊकच नसते. नांगराचे गाणे घरात बसून म्हणून दाखव असे कोणी सांगितले, तर त्याला ती मागणी चमत्कारिक वाटते. हे ध्यानात ठेवून होरोवेल दोनदा ऐकावे: एकदा नुसते, आणि एकदा प्रत्येक हाकेपाशी नांगर कुठे पोहोचला असेल याचा विचार करत.

दुसऱ्या बैठकीत पियानोवरचे नाच घ्यावेत. येरांगी, ऊनाबी, माराली, शुशिकी, हेत ऊ आराज, शोरोर आणि मानुशाकी अशी त्यांची नावे आहेत. काही येरेवान आणि वाघार्शापात परिसरातले, काही काराबाखमधील शुशी गावचे, काही कारिनकडचे. येथे सर्वांत आधी लक्षात येते ती स्वरांची विरळ मांडणी. युरोपीय संगीतात वाढलेला त्या काळचा संगीतकार लोकचाल घेऊन तिच्याखाली भरघोस स्वरसंहती घालत असे. कोमितास यांच्या पियानोत मात्र अनेकदा एक ओळ, एक आधारस्वर आणि एखादा ताल एवढेच असते, कारण पियानोने पियानो राहू नये, त्याने तार या छेडून वाजवण्याच्या वाद्यासारखे किंवा ‘दाप’ या डफासारखे बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती आणि तशा सूचना त्यांनी स्वरलेखनावर लिहून ठेवल्या आहेत. ग्रिगोरी सोकोलोव्ह या रशियन पियानोवादकाने २००२ मध्ये पॅरिसच्या मैफलीत वाजवलेले सहा नाच यासाठी उत्तम आहेत. त्यांचा तालावरचा ताबा असा आहे की नाचणाऱ्यांची पावले मोजता यावीत. ज्यांना पियानो कोरडा वाटतो त्यांनी सेर्गेई आस्लामाझ्यान यांनी तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी केलेली रूपांतरे ऐकावीत, परंतु ती नंतर. रूपांतरांत गोडवा अधिक आणि मोकळी जागा कमी असते.

कानाची एक सवय सोडावी लागते

या टप्प्यावर थोडा सिद्धांत उपयोगी पडतो आणि सरगम जाणणाऱ्याला तो अवघड नाही. आपल्या कानाला सप्तकाची सवय असते. खालच्या सप्तकातला गांधार शुद्ध असेल, तर वरचाही शुद्धच असणार असे आपण गृहीत धरतो, आणि तसे झाले नाही की गायक सुरातून घसरला असे वाटते. आर्मेनियन लोकसंगीत आणि चर्चसंगीत यांचा पाया सप्तक नसून चार स्वरांचे गट आहेत, आणि एका गटाचा शेवटचा स्वर हाच पुढच्या गटाचा पहिला स्वर असतो, हे कोमितास यांनी ठामपणे मांडले. एक उदाहरण घेऊ. सा, रे, ग, म असा एक गट. मध्यमापासून तेवढ्याच अंतरांनी म, प, ध, कोमल नी असा दुसरा. कोमल निषादापासून पुन्हा तसाच तिसरा, म्हणजे कोमल नी, वरचा सा, वरचा रे आणि कोमल गांधार. खाली गांधार शुद्ध, वर कोमल. हार्मोनियमवर हे तीन गट सावकाश वाजवून पाहावेत आणि मगच गाणी लावावीत. कोमितास यांच्या काही चाली वर जाताना अनपेक्षितपणे मावळल्यासारख्या वाटतात त्यामागे बऱ्याचदा ही रचना असते, दुःख असतेच असे नाही.

स्वरसंहतीविषयीचा त्यांचा निर्णयही यातूनच येतो. चाल जर सप्तकावर उभी नसेल, तर सप्तकावर उभ्या असलेल्या युरोपीय स्वरसंहतीत ती कोंबणे म्हणजे तिचे सांधे मोडणे होय. त्यामुळे ते चार आणि पाच स्वरांच्या अंतरांवर, लांबवलेल्या आधारस्वरावर आणि एकमेकांना छेदून जाणाऱ्या स्वतंत्र ओळींवर भर देतात. दुदुक हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवताना दुसरा वादक ‘दाम’ नावाचा अखंड स्वर धरून ठेवतो. गायकवृंदातील खालचे आवाज पुष्कळदा तेच काम करतात. हे सर्व बर्लिनमध्ये शिकून आलेल्या माणसाने केले, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. न आल्यामुळे सोडणे निराळे आणि येत असून बाजूला ठेवणे निराळे.

गुरू आणि शिष्य यांची तुलना हा यासाठी उत्तम अभ्यास आहे. येकमाल्यान यांची उपासना १८९६ मध्ये लाइपझिगला छापली गेली आणि आजही अनेक आर्मेनियन चर्चमध्ये तीच गायली जाते. ती सुंदर आहे आणि तिची स्वरसंहती युरोपीय आहे. कोमितास यांनी पुरुष आवाजांसाठी रचलेला पाताराग त्यांच्या हयातीतच, परंतु ते रुग्णालयात असताना, १९३३ मध्ये त्यांचे विद्यार्थी वार्दान सार्ग्स्यान यांच्या संपादनाखाली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हींतील एकच भाग, उदाहरणार्थ ‘सुर्ब, सुर्ब’ म्हणजे ‘पवित्र, पवित्र’, पाठोपाठ ऐकावा. पातारागची मिश्र आवाजांसाठी केलेली रूपांतरेही आता मिळतात. पहिल्यांदा मात्र पुरुषवृंदच निवडावा, कारण खर्जातील तो जवळजवळ दगडी भरीवपणा स्त्रियांचे आवाज आले की हलका होतो.

गाणी आणि त्यांच्यावर चढलेला अर्थ

आता एकल गाण्यांकडे वळावे. ‘केले केले’ हे प्रेयसीच्या चालण्यावर जीव ओवाळणारे गाणे आहे, ‘चिनार एस’ प्रिय व्यक्तीला चिनाराच्या झाडासारखी ताठ म्हणते, ‘त्सिरानी त्सार’ जर्दाळूच्या झाडाशी बोलते. ‘गारुन आ’ म्हणजे ‘वसंत आहे’. परंतु बर्फ पडले आहे आणि प्रियकराचे मन थंड झाले आहे, अशी त्यातली तक्रार आहे. हे गाणे आज नरसंहाराच्या स्मरणकार्यक्रमांत हमखास गायले जाते आणि वसंतातील ते बर्फ म्हणजे १९१५ चा एप्रिल असे ऐकणाऱ्यांना वाटते. लोकांना आपल्या गाण्यात नवा अर्थ भरण्याचा पूर्ण हक्क आहे, त्यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. मात्र कोमितास यांनी ते टिपले तेव्हा ते प्रेमभंगाचे गाणे होते आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याने ते तसेच ऐकावे. नाही तर मूळ गाण्यातला हट्ट, राग आणि थोडासा उपरोध कानापर्यंत पोहोचतच नाही. प्रेतांच्या छायाचित्रांवर हे गाणे जोडलेल्या चित्रफिती टाळाव्यात.

‘अंतुनी’ आणि ‘क्रुंक’ ही दोन गाणी मी जाणूनबुजून मागे ठेवली आहेत. दोन्ही स्थलांतरितांची आहेत: पहिले घर हरवलेल्या माणसाचे, दुसऱ्यात परदेशी राहणारा माणूस क्रौंच पक्ष्याला आपल्या मुलखाची काही खबर आहे का असे विचारतो. कामधंद्यासाठी कॉन्स्टँटिनोपलला गेलेल्या आणि परत न येऊ शकलेल्या आर्मेनियन पुरुषांचा हा अनुभव कित्येक पिढ्यांचा आहे, १९१५ नंतरच्या निर्वासितांचा नव्हे. ‘अंतुनी’ची चाल एका ठिकाणी स्थिर होतच नाही, आवाज चढतो, तुटतो, जवळजवळ बोलण्यावर येतो आणि पियानो त्याला आधार देण्याऐवजी थबकून राहतो. या गाण्यासंबंधी फ्रेंच संगीतकार डेब्युसी यांच्या तोंडी घातलेले प्रशंसेचे एक वाक्य सर्वत्र फिरत असते. प्रमाणपत्र म्हणून त्याचा आधार घेण्याची गरज नाही; डिसेंबर १९०६ मध्ये पॅरिसमध्ये झालेल्या कोमितास यांच्या मैफलीने फ्रेंच संगीतकारांचे आणि समीक्षकांचे लक्ष वेधले होते, एवढे पुरे.

या गाण्यांसाठी लुसिने झाकार्यान यांचा आवाज ऐकावा; त्या एच्मियाझिनच्या कॅथेड्रलच्या गायिका होत्या आणि धर्मसंगीताचे शिस्तबद्ध वळण त्यांच्या लोकगीतांतही जाणवते. इझाबेल बायराकदारियान यांची वाद्यवृंदासह केलेली ध्वनिमुद्रणे अधिक मोकळी, ऑपेराच्या जवळची आहेत. त्यानंतर मात्र १९१२ मध्ये पॅरिसमध्ये झालेली ध्वनिमुद्रणे शोधावीत. त्यांत आर्मेनाक शाहमुरादियान गातात, साथीला पियानोवर स्वतः कोमितास आहेत आणि काही ठिकाणी कोमितास यांचा स्वतःचा आवाजही आहे. खरखर पुष्कळ आहे. पहिल्या काही मिनिटांत कंटाळा आला तरी चिकाटीने ऐकावे, कारण नंतरच्या गायकांनी ज्या ओळी अत्यंत संथ करून टाकल्या आहेत त्या येथे बऱ्यापैकी चालत्या आहेत आणि हे स्वतः संगीतकाराच्या साथीने घडले आहे. कोमितास म्हणजे संथ आणि करुण हा समज कितपत नंतरचा आहे, ते येथे कानाने पडताळता येते.

१९१५ कसे वाचावे

एवढे ऐकून झाल्यावर त्या वर्षाकडे यावे. १९१० मध्ये कोमितास एच्मियाझिन सोडून कॉन्स्टँटिनोपलला गेले होते. पीठातील वातावरण त्यांच्यासाठी घुसमटवणारे झाले होते. राजधानीत मोठा श्रोतृवर्ग आणि संगीतविद्यालय उभारण्याची आशा होती. तेथे त्यांनी ‘गुसान’ हा सुमारे तीनशे जणांचा गायकवृंद उभा केला. धर्मसंगीत नाट्यगृहात गायल्याबद्दल चर्चमधील वरिष्ठांनी त्यांना विरोध केला, म्हणजे छळ म्हणून जे काही वाट्याला आले ते सगळे बाहेरच्यांकडून आले असे नाही. विद्यालय उभे राहिले नाही.

२४ एप्रिलच्या रात्री अडीचशेच्या आसपास माणसे पकडली गेली. त्यांना जहाजाने हैदरपाशा स्थानकाकडे आणि तेथून रेल्वेने अनातोलियाच्या आतील भागात नेण्यात आले. काहींना अयाश येथे ठेवले, काहींना चांकिरी येथे. कोमितास चांकिरीच्या गटात होते. त्याच गटातील कवी दानिएल वारुजान आणि रुबेन सेवाक यांची ऑगस्टमध्ये हत्या झाली. बरोबर असलेले धर्मगुरू ग्रिगोरिस बालाक्यान पुढे निसटले आणि त्यांनी आठवणी लिहिल्या. प्रवासातच कोमितास यांना झाडे दरोडेखोरांसारखी दिसू लागली होती असे त्यांनी नोंदवले आहे. मे महिन्यात अंतर्गत खात्याचे मंत्री तलात यांच्या आदेशाने ज्या मोजक्या लोकांना सोडले गेले त्यांत कोमितास होते. त्यांच्या सुटकेसाठी कोणी शब्द टाकला याविषयी अनेक नावे घेतली जातात. त्या वादात नवख्या वाचकाने शिरू नये.

याच काळात सत्ताधारी एकता आणि प्रगती समितीच्या सरकारने युद्धाची सबब पुढे करून आर्मेनियन लोकसंख्येला गावागावांतून बाहेर काढले. पुरुषांना बहुतेक ठिकाणी आधीच वेगळे काढून मारण्यात आले, स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना सीरियाच्या वाळवंटाकडे, देर झोरच्या दिशेने चालवत नेले गेले. मृतांच्या आकड्यांविषयी अंदाज वेगवेगळे आहेत. आर्मेनियन लोक पंधरा लाख हा आकडा मानतात. तुर्कस्तानचे सरकार या घटनांना नरसंहार म्हणण्यास आजही नकार देते. आता नकाशा पुन्हा पुढे घ्यावा. लोरी, शिराक आणि अरारातचे मैदान रशियन साम्राज्यात होते. तेथील खेडी युद्ध, भूक आणि निर्वासितांचे लोंढे सोसूनही राहिली आणि वार्दाब्लुर आजही आर्मेनियात आहे. कारिन, मुश, वान, अकन येथील आर्मेनियन जीवन मात्र संपले. म्हणजे होरोवेल ज्या मातीत गायले गेले तेथे गाणाऱ्यांची पतवंडे आहेत, पण कारिनचा शोरोर ज्या अंगणांत नाचला गेला तेथे नाचणारे उरले नाहीत. कोमितास यांचा संपूर्ण संग्रह म्हणजे एका मृत जगाचा अवशेष असे सरसकट म्हणणे म्हणूनच बरोबर नाही. आणखी एक तपशील या सरसकटपणाला छेद देतो: त्यांच्या जन्मगावी, कुताह्यात, फाइक अली या राज्यपालाने हद्दपारीचा हुकूम राबवण्यास नकार दिल्यामुळे तेथील आर्मेनियन त्या वर्षी बऱ्याच अंशी वाचले.

परतलेल्या कोमितास यांची प्रकृती ढासळत गेली. १९१६ च्या शरद ऋतूत त्यांना कॉन्स्टँटिनोपलमधील रुग्णालयात दाखल करण्यात आले, १९१९ मध्ये पॅरिसजवळच्या विल-एव्हरार येथे आणि १९२२ पासून व्हिलज्विफ येथे ते राहिले. ऑक्टोबर १९३५ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. या वर्षांत त्यांनी संगीत रचले नाही आणि अनेक भेटायला येणाऱ्यांशी बोलणेही नाकारले. त्यांच्या आजाराला आजच्या मनोविकारशास्त्रातील कोणते नाव द्यावे यावर लिहिणाऱ्यांमध्ये एकमत नाही. भीषण आघाताचा परिणाम म्हणून त्याकडे पाहणारे आज पुष्कळ आहेत आणि मला ते पटण्यासारखे वाटते. तरीही त्यांच्या मौनाला निषेध, तपश्चर्या किंवा राष्ट्राच्या वेदनेचे प्रतीक ठरवणारे लेखन सावधपणेच वाचावे. आजारी माणूस आजारी होता. त्याच्या वीस वर्षांना रूपक करून टाकले की तो माणूस आणि त्याचे काम, दोन्ही दिसेनासे होतात.

पुढे जायचे असल्यास

त्यांची हस्तलिखिते बराच काळ विखुरलेली होती. उरलेल्यांपैकी मोठा भाग येरेवानमधील कवी चारेन्त्स यांच्या नावाच्या साहित्य आणि कला संग्रहालयात आहे, आणि त्यांच्या रचनांचा संग्रह २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समाविष्ट झाला. रोबेर्त अतायान यांनी संपादनाला सुरुवात केलेली समग्र आवृत्ती स्वरलेखन वाचू शकणाऱ्यांसाठी आधारभूत आहे. गायकांनी इतरत्र मिळणारी सोपी केलेली स्वरलेखने वापरण्यापूर्वी निदान एक गाणे तरी तिच्याशी ताडून पाहावे. १९३६ मध्ये कोमितास यांचे पार्थिव येरेवानला आणले गेले. ज्या स्मशानभूमीत ते आहे तिला आज त्यांचेच नाव आहे आणि शेजारी २०१५ पासून त्यांना वाहिलेले संग्रहालय व संशोधनसंस्था आहे.

ऐकण्याचा पुढचा टप्पा मात्र शिष्यांचा असावा. गुसानमधून निवडलेल्या विद्यार्थ्यांपैकी पार्सेघ कानाच्यान यांनी बैरूतमध्ये गायकवृंद उभे केले, तर मिहरान तुमाज्यान यांनी अमेरिकेत पोहोचलेल्या निर्वासितांकडून त्यांच्या गावांची गाणी टिपून घेतली. गुरूने गाणे कामाच्या जागी ऐकले होते. शिष्याने ते परक्या शहरातील घरांमध्ये, आठवणीतून गाणाऱ्यांकडून ऐकले. एकाच प्रांतातले एक गाणे कोमितास यांच्या संग्रहातून आणि एक तुमाज्यान यांच्या संग्रहातून निवडून शेजारी शेजारी ऐकावे आणि हाका, श्वास, कामाचे आवाज कोणत्यात किती शिल्लक आहेत ते टिपून ठेवावे.